तुळईचा बाक : अध्यापनपद्धती आणि परिभाषा यांचा इतिहास, सोलापूरच्या संदर्भात

दोन टेकांवर आडवी ठेवलेली तुळई भाराखाली वाकते. ती किती वाकेल हे तिला जागेवर चढविण्यापूर्वी कागदावर सांगता यावे, ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडून केली जाणारी एक प्राथमिक अपेक्षा होय. शिक्षण पदविकेचे असो वा पदवीचे, ‘स्लोप अँड डिफ्लेक्शन’ हे प्रकरण सहसा चुकत नाही. या एका प्रकरणात दुहेरी संकलनाची रीत, मॅकॉलेची रीत, मोमेंट-क्षेत्राची रीत, संयुग्म तुळईची रीत आणि पुढे ऊर्जेवर आधारलेली कॅस्टिग्लियानोची रीत अशा चार-पाच पद्धती एकामागून एक येतात. सर्वांचे उत्तर एकच येते. मग इतक्या रीती कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गणितात सापडत नाही. ते इतिहासात आहे. आणि या इतिहासाचा एक धागा, फारसा कोणाच्या ध्यानात नसलेला, मराठी भाषेच्या शैक्षणिक इतिहासात गुंतलेला आहे.

या विषयाच्या विचारास सोलापूर हे स्थळ अनेक कारणांनी सोयीचे आहे. येथे १९५६ पासून शासकीय तंत्रनिकेतन आणि १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांतून अभियंते घडत आले. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचे आहे. त्यामुळे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी तुळईला कोणता शब्द आहे, हे गृहीत धरून चालत नाही. हे शहर मागांचेही आहे. आणि जुन्या सोलापुरातील, तसेच जिल्ह्यातील गावोगावच्या घरांवर माळवद असे, अद्यापही काही ठिकाणी आहे. बाक म्हणजे काय हे पाहावयास येथील मुलास प्रयोगशाळेत जाण्याची गरज पडत नसे. अंथरुणावर पडल्या पडल्या वर पाहिले तरी पुरे होत असे.

माळवदाची रचना थोडक्यात अशी : भिंतींवर अथवा खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा लाकडाचे लहान तुकडे, आणि सर्वांवर मातीचा जाड थर. पाऊस कमी आणि ऊन कडक अशा प्रदेशात हे छप्पर उत्तम. मात्र वजनाला भारी. मातीचा थर तीस सेंटिमीटर धरला, तर एका चौरस मीटरवर सुमारे साडेपाच किलोन्यूटन, म्हणजे साडेपाचशे किलोग्रॅमच्या आसपास वजन होते. तुळया एकमेकींपासून एक मीटर अंतरावर असल्यास लाकूडकामासह प्रत्येक तुळईच्या दर मीटर लांबीवर सहा किलोन्यूटन भार येतो असे हिशेबासाठी मानू. तुळई दीडशे मिलिमीटर रुंद व दोनशे मिलिमीटर उंच, लाकडाचा यंग-गुणांक दर चौरस मिलिमीटरला दहा हजार न्यूटन, आणि दोन टेकांमधील अंतर अडीच मीटर. वर्गात पाठ करून घेतले जाणारे सूत्र येथे लावले, म्हणजे पाच गुणिले दर मीटरचा भार गुणिले अंतराचा चौथा घात, भागिले तीनशे चौऱ्याऐंशी वेळा यंग-गुणांक व छेदाचे जडत्व-आघूर्ण, तर मध्यभागी बाक येतो सुमारे तीन मिलिमीटर. डोळ्यास दिसणार नाही इतका. आता तीच तुळई, तोच भार, फक्त अंतर दुप्पट, म्हणजे पाच मीटर केले, तर बाक सोळापट होतो : जवळजवळ एकोणपन्नास मिलिमीटर. शिवाय लाकूड सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे आणखी वाकत राहते, ते वेगळेच.

हा चौथा घात गवंड्यास व सुतारास ठाऊक नव्हता. परंतु त्याचा परिणाम ठाऊक होता, आणि तो भाषेत शिरला होता. मराठीत घराचे माप खणांत सांगत. दोन तुळयांमधील जागा ती खण, आणि घर तीन खणी, पाच खणी, सात खणी. घर वाढवावयाचे तर खण वाढवीत नसत, खणांची संख्या वाढवीत. लाकडाच्या लांबीची मर्यादा हे एक कारण होतेच. परंतु लांब लाकूड मिळाले तरी ते मध्ये टेकू न देता वापरण्यास जुना सुतार धजत नसे. मध्ये टेकू दिला की अंतर निम्मे होते आणि बाक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होतो, कारण तुळई टेकूवरून अखंड जात असल्याने दोन्ही बाजू एकमेकींना आवरतात. ‘तुळईला बाक आला, टेकू द्या’ या वाक्यात कारण, परिणाम आणि उपाय तिन्ही आहेत.

तुळई हा शब्द संस्कृत तुला या शब्दाशी जोडला जातो. तुला म्हणजे तराजूची दांडी, तसेच घराच्या छपरातील आडवे लाकूडही. सोलापुरातील कन्नड भाषक याच वस्तूस तोले म्हणतो, तेलुगू भाषक दूलमु म्हणतो. तिन्ही शब्दांतील ध्वनिसाम्य उघड आहे. त्यावरून सर्वांचा उगम एकच ठरविण्याची घाई करू नये. परंतु एकाच गल्लीतील तीन घरांत एकाच लाकडाला इतके जवळचे शब्द असावेत, ही गोष्ट अध्यापकाच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे. इंग्रजी बीम या शब्दाचा वंश निराळा. त्याचा जुना अर्थ झाड असा. जर्मन भाषेत बाउम म्हणजे आजही झाडच. झाडापासून ओंडका, ओंडक्यापासून घराची तुळई, आणि दुसऱ्या बाजूने विणकराच्या मागावरील सूत गुंडाळण्याचा रूळ, असा त्या शब्दाचा विस्तार झाला. सोलापूरच्या यंत्रमागावर ताण्याचे सूत ज्या रुळावर भरतात त्याला बीम हेच नाव आहे. साळी वा पद्मशाली घरातील मुलाने बीम हा शब्द अभियांत्रिकीच्या वर्गात प्रथम ऐकलेला नसतो. त्याच्या लेखी तो मागाच्या मागच्या बाजूस असतो. येथे शब्द चुकीच्या वस्तूस चिकटला आहे असे मात्र नाही. मागावरचा बीमही दोन टेकांमध्ये फिरणारी तुळईच आहे, त्यावर सुताच्या ताणाचा भार सर्व लांबीभर पसरलेला असतो, आणि तो रूळ मध्ये वाकला तर मधल्या धाग्यांचा ताण बदलून कापड बिघडते.

आता शास्त्राच्या इतिहासाकडे वळू. गॅलिलिओने १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध केलेल्या संवादग्रंथात भिंतीत एका टोकाने रोवलेल्या तुळईचा विचार केला आहे. परंतु त्याचा प्रश्न ती केव्हा मोडेल हा होता. ती किती वाकेल हा प्रश्न त्याने विचारला नाही. पदार्थ ताणला की भाराच्या प्रमाणात लांबतो हा हूकचा नियम १६७८ मधला. याकोब बेर्नुली याने सतराव्या शतकाच्या अखेरीस वाकलेल्या पट्टीच्या वक्रतेचा संबंध तिच्यावरील आघूर्णाशी जोडला, आणि ऑयलर याने १७४४ मध्ये त्या वक्रांचे गणित पूर्णत्वास नेले. तथापि हे सर्व गणितज्ञांचे काम होते, बांधकाम करणाऱ्याच्या हाती ते आले नव्हते. ती मजल मारली नाविए या फ्रेंच अभियंत्याने. पॅरिसच्या पूल व रस्ते विद्यालयातील त्याची व्याख्याने १८२६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तुळईचा बाक हा विषय अभियंत्यांच्या पाठ्यक्रमाचा नियमित भाग म्हणून प्रतिष्ठित झाला तो तेथून.

मोडणे आणि वाकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे वर्गात पुरेशा ठामपणे सांगितले जात नाही. वरील माळवदाच्या उदाहरणात अंतर दुप्पट केल्यावर लाकडातील कमाल प्रतिबल चौपट होते, सुमारे ४.७ वरून १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. बाक मात्र सोळापट. न मोडता निरुपयोगी होणारी तुळई असू शकते, ती या फरकामुळे. इंग्लंडात ट्रेडगोल्ड याने १८२० मध्ये सुतारकामावर लिहिलेल्या ग्रंथात तुळईच्या दर फूट लांबीस एक चाळीसांश इंचाहून अधिक बाक येऊ नये असे बंधन सुचविले. ही मर्यादा अंतराच्या एक चारशेऐंशीव्या भागाएवढी होते. प्रश्न छताच्या गिलाव्याला तडे जाण्याचा होता, घर कोसळण्याचा नव्हता. पुढे मँचेस्टरच्या कापडगिरण्यांनी हा प्रश्न अधिक निकडीचा केला. गिरणीच्या माळ्यावर यंत्रे आणि छताला लटकणारे लांब फिरते दांडे. माळा झुकला की दांड्याचे आधार एका रेषेत राहात नाहीत. फेअरबेअर्न आणि हॉजकिन्सन यांनी १८३० च्या सुमारास बिडाच्या तुळयांवर तेथे केलेले प्रयोग याच गरजेतून निघाले. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे हे पन्नास वर्षांचे गिरणी-बांधकामाचे शास्त्र तयार होते. ते शास्त्र येथे इंग्रजीतून आले.

परंतु ते इंग्रजीतूनच यावे अशी काही अपरिहार्यता नव्हती. नाविएचा ग्रंथ छापला जाण्यापूर्वी तीन वर्षे, १८२३ मध्ये, मुंबईत कॅप्टन जॉर्ज रिट्सो जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मोजणी व बांधकाम यांची दुय्यम कामे करणारी माणसे तयार करण्यासाठी एक इंजिनिअर शाळा निघाली होती. तेथील शिक्षण मराठी व गुजरातीतून होते. जर्व्हिसने हटन प्रभृतींच्या इंग्रजी गणितग्रंथांच्या आधारे स्थानिक शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठीत गणिताचे ग्रंथ करविले. त्यानंतर बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी ‘शून्यलब्धि’ या नावाने चलनकलनावर मराठीत ग्रंथ रचला. म्हणजे १८४६ पर्यंत अभियंत्यांचे मराठीतून शिक्षण, मराठी भूमिती व बीजगणित, आणि बाकाचे समीकरण मांडण्यास लागणारे चलनकलन या तिन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच भाषेत, एकाच पिढीत उपस्थित होत्या. त्यांचा सांधा मात्र जुळला नाही. मुंबईच्या शिक्षण मंडळात १८४७ च्या सुमारास माध्यमाचा जो वाद झाला, त्यात जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभा होता, जगन्नाथ शंकरशेट त्याच्यासमवेत होते, आणि अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा आग्रह धरीत होता. व्यवहारात पेरीचे मत टिकले. पुण्यात १८५४ मध्ये निघालेला इंजिनिअरिंग वर्ग पुढे मुंबई विद्यापीठास जोडला गेला, आणि पदवीचे शिक्षण इंग्रजीचे झाले. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. या निर्णयाने महाराष्ट्राला मोठे अभियंते मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खण, तुळई, टेकू, बाक हे शब्द बांधकामावर राहिले आणि गणित वर्गात गेले, ही फारकतही त्याच निर्णयातून झाली.

रीतींची संख्या वाढली ती या नंतरच्या काळात, आणि प्रत्येक नव्या रीतीमागे श्रम वाचविण्याची इच्छा होती. मूळ रीत दुहेरी संकलनाची : आघूर्णाचे समीकरण एकदा संकलित केले की उतार मिळतो, पुन्हा केले की बाक. प्रत्येक संकलनात एक स्थिरांक निघतो. तुळईवर एकच पसरलेला भार असेल तर काम सोपे आहे. परंतु दोन ठिकाणी दोन सुटे भार असले की तुळईचे तीन भाग पडतात, प्रत्येक भागाचे समीकरण निराळे, आणि स्थिरांक होतात सहा. सहा अज्ञाते, सहा समीकरणे, आणि कागदावर हाताने केलेला हिशेब. एका चिन्हाची चूक झाली की सर्व वाया. मोर या जर्मन अभियंत्याने १८६८ मध्ये दाखविले की आघूर्णाच्या आलेखालाच भार मानले, तर मूळ तुळईचा बाक हा त्या कल्पित भाराचा आघूर्ण म्हणून काढता येतो. समीकरणे टाळून रेखाटनाने उत्तर काढावयाचे, ही त्या काळच्या आरेखन-कक्षाची गरज होती. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील ग्रीन याने १८७३ च्या सुमारास मोमेंट-क्षेत्राची रीत शिकविण्यास प्रारंभ केला : दोन बिंदूंमधील उताराचा फरक म्हणजे त्यांमधील आलेखाचे क्षेत्रफळ, आणि एका बिंदूचे दुसऱ्या बिंदूच्या स्पर्शरेषेपासूनचे अंतर म्हणजे त्या क्षेत्राचा आघूर्ण. कॅस्टिग्लियानोची प्रमेये त्याच दशकातली, इटलीतली. ही प्रमेये तुळईपेक्षा सांगाड्यांच्या बांधणीत अधिक कामास आली. येथे त्यांचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

मॅकॉलेच्या रीतीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण भारतीय वर्गात, आणि म्हणून सोलापूरच्याही वर्गात, तिचे स्थान सर्वांत वरचे आहे. केंब्रिजचा गणितज्ञ डब्ल्यू. एच. मॅकॉले याने १९१९ मध्ये एका लहानशा टिपणात ती मांडली. (१८३५ च्या शिक्षणविषयक टिपणाचा कर्ता मॅकॉले तो हा नव्हे, मराठी विद्यार्थ्याच्या वहीत दोन मॅकॉले आहेत, एकाने त्याला इंग्रजी दिली, दुसऱ्याने चौकोनी कंस.) हीच कल्पना जर्मनीत क्लेब्श याने १८६२ मध्येच वापरली होती. पद्धतीला कोणाचे नाव मिळावे हे ती कोणाच्या साम्राज्यात शिकविली गेली यावरही अवलंबून असते.

रीत अशी. तुळईचे भाग पाडावयाचेच नाहीत. डाव्या टोकापासून शेवटच्या भागापर्यंतचे एकच समीकरण लिहावयाचे, आणि प्रत्येक सुट्या भाराचे पद एका कंसात ठेवावयाचे : बिंदूचे अंतर वजा भाराचे अंतर. कंसातील संख्या ऋण आली, म्हणजे आपण त्या भारापर्यंत पोचलोच नाही, तर ते पद शून्य समजावयाचे. संकलन करताना कंस फोडावयाचा नाही, तो अखंड ठेवूनच त्याचा घात वाढवावयाचा. एवढे केले की सहा स्थिरांकांच्या जागी दोनच उरतात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा कंस म्हणजे एक संकेतार्थी वाक्य आहे. ‘जर तू भाराच्या पलीकडे असशील, तर हे पद मोज, नसशील, तर सोडून दे.’ इंग्रजी पाठ्यपुस्तकात हा नियम सूचना म्हणून येतो, आणि विद्यार्थी तो सूचना म्हणूनच पाठ करतो. पाठ केलेला नियम परीक्षेत विसरला की कंस फोडला जातो आणि उत्तर चुकते. जर-तर या रूपात तोच नियम सांगितला तर कंस का फोडू नये हे आपोआप कळते : फोडलेल्या कंसातून ‘जर’ निघून जातो.

सोलापूरच्या तंत्रनिकेतनाची स्थापना झाली त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने लोखंडी बांधकामाची पहिली संहिता, आय. एस. ८००, प्रसिद्ध केली होती, काँक्रीटची आय. एस. ४५६ तीन वर्षे आधीची, १९५३ मधली. म्हणजे पंचवार्षिक योजनांसाठी दुय्यम अभियंत्यांची मोठी फळी उभी करण्याचा जो काळ, त्याच काळातली ही संस्था. वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ मध्ये निघाली तेव्हा ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ मध्ये मिळाले. संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले आणि फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून बांधकाम-व्यवसायात शिरले. सांगलीच्या १९४७ मधील अभियांत्रिकी महाविद्यालयासही १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

अशा संस्थांतून शिकविण्याची पुस्तके इंग्रजी होती. एस. बी. जुन्नरकर यांचे ‘मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स’ हे आणंदच्या चरोतर प्रकाशनाचे पुस्तक पश्चिम भारतातील अनेक पिढ्यांनी वापरले. वर्गातील बोलणे मात्र इंग्रजी नव्हते आणि नाही. ‘ए भोवती मोमेंट घ्या’, ‘रिअॅक्शन काढा’, ‘मॅकॉले लावा’, ‘बाउंड्री कंडिशन टाका’, ‘स्लोप शून्य धरा’ ही महाराष्ट्रातील कोणत्याही अभियांत्रिकीच्या वर्गात ऐकू येणारी वाक्ये आहेत. त्यांत नामे इंग्रजी आहेत. क्रियापदे, विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठी. या बोलीस धेडगुजरी म्हणून हिणविण्याचा प्रघात आहे, परंतु त्याने एक गोष्ट नजरेआड होते. घेणे, काढणे, लावणे, टाकणे, धरणे या क्रियापदांनी हिशेबाच्या प्रत्येक पायरीचे नेमके वर्णन केलेले असते. काढणे म्हणजे अज्ञात राशी मिळविणे. धरणे म्हणजे गृहीत मानणे. टाकणे म्हणजे ज्ञात किंमत समीकरणात घालणे. या भेदांत गल्लत होत नाही. कोणा समितीने ते ठरविलेले नाहीत; वर्गाने ते घडविले आहेत.

समित्यांचे काम दुसऱ्या दिशेने चालले होते. महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय जुलै १९६० मध्ये स्थापन झाले, केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये. संस्कृतातून सर्व भारतीय भाषांस समान परिभाषा द्यावी हे त्या काळचे ध्येय होते, आणि त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु बाकाच्या बाबतीत ध्येयाची अडचण कोठे होते ते पाहण्यासारखे आहे. हिंदी अभियांत्रिकी ग्रंथांत बीमला धरन म्हणतात. मराठी कानाला धरण म्हणजे पाणी अडविणारा बांध, आणि सोलापूर जिल्ह्यात तर धरण म्हणताच उजनी डोळ्यांपुढे येते. डिफ्लेक्शनसाठी विक्षेप घ्यावा तर मराठीत विक्षेप म्हणजे व्यत्यय, मनाची चंचलता, आणि ज्योतिषात ग्रहाचे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर. विचलन घ्यावे तर संख्याशास्त्राने प्रमाण विचलनासाठी ते आधीच घेतलेले आहे. हे शब्द वाईट नाहीत. ते व्यापलेले आहेत. आणि ज्या एका शब्दावर दुसऱ्या कोणत्याही शास्त्राने हक्क सांगितला नव्हता, जो गवंडी, सुतार आणि घरमालक नेमक्या याच अर्थाने वापरीत होते, तो बाक हा शब्द शास्त्रीय वाटला नाही. तो लहान आहे, तद्भव आहे, आणि शाळेतील बसण्याच्या बाकाशी त्याचा उच्चार जुळतो, हे आक्षेप घेता येतील. परंतु बसण्याच्या बाकाशी घोटाळा होईल असा एकही संदर्भ तुळईच्या गणितात येत नाही, विक्षेप आणि विचलन यांच्याबाबत तसे म्हणता येणार नाही.

बाक पाहता येतो, आणि पाहिल्यावाचून त्याचे गणित बसत नाही, हे प्रयोगशाळेत सिद्ध होते. पंचवीस मिलिमीटर रुंद व सहा मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी नऊशे मिलिमीटर अंतरावरील दोन धारांवर पडती ठेवून मध्ये दहा न्यूटन, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅमचे वजन टांगले, तर डायल गेजवर १.७ मिलिमीटरच्या जवळपास बाक वाचावयास मिळतो. तीच पट्टी उभी केली, तेच वजन टांगले, तर काटा एक दशांश मिलिमीटरही पुरता हलत नाही. पोलाद तेच, वजन तेच. सतरापट फरक पडला तो उंचीच्या तिसऱ्या घातामुळे. तुळई उभी बसवावी, पडती बसवू नये, हे सुताराचे शहाणपण येथे संख्येत दिसते. त्याच पट्टीवर मॅक्सवेलचा १८६४ चा परस्परतेचा सिद्धांतही पडताळता येतो : एका ठिकाणी वजन व दुसऱ्या ठिकाणी वाचन, आणि नंतर दोन्हींची अदलाबदल, काटा तेच सांगतो. मुलांना हे प्रथम खरे वाटत नाही, आणि सूत्रातून पटत नाही तेवढे काट्यावरून पटते.

संगणकाच्या आगमनानंतर या रीतींचे प्रयोजन बदलले. कितीही गुंतागुंतीच्या सांगाड्याचा बाक यंत्र क्षणात काढून देते. सहा स्थिरांकांचा धाक कोणालाच उरला नाही. श्रम वाचविण्यासाठी निघालेल्या रीती श्रमच उरले नसता शिकविल्या जातात, आणि त्यांचा क्रम का लावला हे सांगितले जात नाही. तरीही त्या टाकून देण्याजोग्या नाहीत. यंत्राने दिलेले उत्तर दहापट चुकले आहे हे ओळखावयास मोमेंटच्या आलेखावर नजर टाकून क्षेत्रफळाचा अंदाज घेता यावा लागतो. ती नजर मोर आणि ग्रीन यांच्या रीती देतात. मात्र ज्या परीक्षेत केवळ रीत विचारली जाते, अंदाज कधीच विचारला जात नाही, तेथे ती नजर येण्याची शक्यता थोडी.

प्रत्यक्ष व्यवहारात काँक्रीटच्या साध्या तुळईसाठी अभियंता यांपैकी कोणतीच रीत सहसा वापरीत नाही. आय. एस. ४५६ ची २००० मधील आवृत्ती एकंदर बाक अंतराच्या अडीचशेव्या भागाच्या आत, आणि भिंती व गिलावा झाल्यानंतरचा बाक अंतराच्या साडेतीनशेव्या भागाच्या किंवा वीस मिलिमीटरच्या, यांतील जो लहान त्याच्या आत ठेवण्यास सांगते. हिशेब टाळण्यासाठी तीच संहिता अंतर व परिणामी उंची यांची मूळ गुणोत्तरे देते : एका टोकाने रोवलेल्या तुळईस सात, दोन टेकांवरील तुळईस वीस, अखंड जाणाऱ्या तुळईस सव्वीस, सळईचे प्रमाण व प्रतिबल यांनुसार त्यांत फेरफार करावयाचा. हे गुणोत्तर का चालते तेही बाकाच्या सूत्रातूनच निघते. पदार्थातील प्रतिबल एका ठराविक मर्यादेस नेले, तर बाकाचे अंतराशी प्रमाण हे अंतराच्या उंचीशी असलेल्या प्रमाणावरच अवलंबून राहते. भार त्यातून गळून पडतो. म्हणजे नाविएपासून मॅकॉलेपर्यंतच्या सर्व गणिताचा व्यवहारातील निष्कर्ष, या जाडीच्या तुळईस याहून लांब ठेवू नये, असा होतो. माळवदाच्या खणाने लाकडापुरते हेच सांगितले होते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्यास अनुमती दिली. त्या वर्षी पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये मराठीतून निघालेला अभ्यासक्रम संगणक अभियांत्रिकीचा होता. ज्या शाखेत मराठीकडे पूर्वापार चालत आलेली शब्दसंपत्ती सर्वांत कमी, तेथून प्रारंभ झाला. स्थापत्याच्या शाखेत ती सर्वांत अधिक. स्थापत्याचे मराठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने बीमला तुळई म्हणावे की बीमच राहू द्यावे, याबद्दल मतभेद संभवतात, आणि सोलापुरात तर बीम राहू देण्याच्या बाजूने मागाची साक्ष आहे. मोमेंट, रिअॅक्शन हेही शब्द वर्गाने पचविले आहेत. ते उपटून काढण्यात अर्थ नाही. परंतु बाक, टेकू आणि खण हे तीन शब्द कोणास शिकवावे लागत नाहीत. त्यांपैकी खण आता जुन्या घरांबरोबर बोलण्यातूनही जात चालला आहे. तो ज्यांच्या तोंडी आहे, असे मिस्त्री सोलापूरच्या आसपासच्या गावांतून माळवदे उतरविण्याच्या कामावर अजून भेटतात.